दुसऱ्यातून तिसऱ्यात

"मग किंमत किती, ते सांगा ना."

मगदूमशेठनी हे तिसऱ्यांदा विचारलं. उस्तादांनी तिसऱ्यांदा ऑइलचा वास घेतला.

पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकला होता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल नवं असतं तेव्हा डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. हा थेंब काळा होता, आणि गॅरेजभर करपल्याचा वास भरला होता.

"ऐकू येतं ना तुम्हाला?" शेठ म्हणाले.

मला राहवलं नाही. शेठना सांगितलं, उस्तादांना दोन कान आहेत, एक गिअरबॉक्ससाठी आणि एक बायकोसाठी. गिऱ्हाइकासाठीचा वरून बसवायचा राहून गेलाय.

कुणी हसलं नाही. मला सवय आहे.

उस्ताद म्हणजे नूरमहंमद शिकलगार. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. आजा तलवारींना धार लावायचा, बाप कात्र्यांना, आणि हे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतात. वय सत्तर. दिवसाला वीस शब्द बोलतात. त्यातले दहा शिव्या असतात आणि त्या सगळ्या मला.

मी शेजारचा पेंटर. गाड्यांचा पत्रा ठोकतो, रंग मारतो. शिक्षण चौथी, तेही दोनदा, कारण गुरुजींना माझ्याशिवाय करमायचं नाही. लोकांच्या खोड्या काढणं हा माझा जोडधंदा. मूळ धंद्यापेक्षा तोच बरा चालतो.

आणि हे धनपाल मगदूम. शिरोलीला यांची फौंड्री आहे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. भट्टीचा मालक आणि अंगावर एक डाग नाही. असा माणूस दिसला की मला ब्रश हातात घ्यावासा वाटतो.

पण त्यांची गाडी आली तो सोमवार मी विसरणार नाही. ते आधी सांगतो.

सोमवारी सकाळी एका सपाट ट्रकवरून निळी गाडी उतरली. मी ती लांबून ओळखली. डाव्या दरवाज्यावरचा ओरखडा मीच भरला होता. ती दर्शूची गाडी होती.

दर्शू, म्हणजे दर्शना. दोन वर्षं दर शनिवारी यायची. आडनाव तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तिच्या गाडीचे कंपनीनं दिलेले साडेतीनशे घोडे तिनं पाचशेवर नेले होते. एवढी ताकद गिअरबॉक्सला कशी पेलवायची, ते शिकायला ती उस्तादांकडं आली. उस्तादांनी जन्मात चेला केला नव्हता. माझ्या पोराला हाकललं, सख्ख्या पुतण्याला हाकललं. हिला ठेवलं. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, पाना पुसून जागेवर ठेवते.

पहिल्याच दिवशी मी तिची खोडी काढली. म्हटलं, पाचशे घोडे आहेत, उस्ताद उघडायच्या आधी त्यांना भिजवलेले हरभरे घालतात, पुढच्या वेळी घेऊन ये. पुढच्या शनिवारी पोरीनं खरंच डबाभर हरभरे आणले. माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "चाचा म्हणाले, घोड्यांना भूक नाही. पेंटरला घाल." आणि मी सगळे संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

तो डबा न्यायला ती विसरली. माझ्याकडंच आहे.

मग एकाएकी यायची बंद झाली. वर्षभर मी उस्तादांना छळलं. चेली पळाली, पुण्यात नवा उस्ताद केला, तुमच्या शिव्या ऐकून कंटाळली. ते मला शिव्या द्यायचे, पण ती बसायची ते खोकं त्यांनी जागचं हलवलं नाही.

तर सोमवारी गाडी बघितली आणि मी ओरडलो, उस्ताद, उठा, तुमची पोरगी आली, पाचशे घोडे उताणे पाडून आली. ट्रकमागच्या मोटारीतून हे पांढरे गृहस्थ उतरले. त्यांना म्हटलं, बाईंनी ड्रायव्हर ठेवला वाटतं, स्वतः कुठं आहेत, तोंड दाखवायला लाजतात काय.

ते म्हणाले, "मी तिचा बाप. ती गेली. चौदा महिने झाले."

…

माझ्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. ते अजून तिथंच आहे.

उस्तादांच्या हातात एक वायसर होता, नटाखालची चकती. तो फडक्यानं पुसत होते. वायसर स्वच्छ झाला. ते पुसतच राहिले.

गाडीत नाही गेली ती. डेंग्यू झाला, आठ दिवसांत आटोपलं. मगदूमशेठ हे सांगताना गाडीकडं बघत होते. म्हणाले, ही गाडी तुझा जीव घेईल म्हणून मी रोज ओरडायचो, आणि गाडीनं काहीच केलं नाही.

आमचा पत्ता त्यांना स्टिअरिंगखाली लटकवलेल्या पुठ्ठ्यावर मिळाला. ऑइल बदललं की उस्ताद असा एक पुठ्ठा बांधतात. त्यावर त्यांच्या वाकड्या अक्षरात होतं: पुढचं ऑइल ४६,००० ला. नूर. खाली फोन नंबर.

मीटरवर पंचावन्न हजार झाले होते.

एवढं सांगून शेठ गेले. उस्तादांनी दोन दिवस गिअरबॉक्स उघडला नाही. तिसऱ्या दिवशी उघडला, आणि आज गुरुवारी शेठ किंमत विचारायला आले होते.

मी त्यांना बसायला खोकं ओढलं. ओढल्यावर लक्षात आलं कुणाचं ते, आणि हात थांबला.

शेठच्या ते नजरेत आलं. "इथं बसायची?"

"व्हय," उस्ताद म्हणाले.

शेठ बसले नाहीत. पुढचा सगळा वेळ त्या खोक्याशेजारी उभे राहिले.

मग त्यांनी हिशेबी माणसासारखं समजावून सांगितलं. शोरूमवाल्यांनी सांगितलं होतं, असले बॉक्स दुरुस्त करत नाहीत, अख्खा नवा टाकायचा, बावीस लाख. पुण्याचा एक जण नऊ लाखांत उघडून नव्यानं बांधून देतो म्हणाला. पैशाची अडचण नव्हती. अडचण दुसरीच होती. दोघंही म्हणाले, गिअरबॉक्सचा जो छोटा कॉम्प्युटर असतो, त्याची जुनी आठवण पुसावी लागेल.

"तो चालवणाऱ्याचा पाय शिकतो," शेठ म्हणाले. "कोण किती दाबतो, कधी दाबतो. पुण्याच्या इंजिनिअरनंच सांगितलं. म्हणजे दर्शूचा पाय त्यात आहे."

उस्तादांनी थेंबाचा कागद उजेडाकडं धरला.

"मला सगळं नवं घाला. पण ते पुसायचं नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ती थांबते. ते थांबणं तसंच राहिलं पाहिजे. मी फौंड्रीवाला आहे, उस्ताद. मापाबरहुकूम जगात काय वाटेल ते बनतं. फक्त किंमत सांगा."

"थांबते म्हंजे?"

शेठनी सांगितलं. चौदा महिने, रोज संध्याकाळी पाच वाजता, फौंड्रीतून निघून ते दर्शूची गाडी हायवेला काढत. कागलपर्यंत जाऊन परत. दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी क्षणभर श्वास रोखल्यासारखी थांबे, आणि मग पाठीत एक धक्का. ती धसमुसळी होती, लहानपणापासून. जिन्यावरून उतरतानासुद्धा शेवटच्या चार पायऱ्या उडी मारायची. तो धक्का म्हणजे तीच होती.

दिवसातून एकदा मुलगी भेटायची. त्यासाठी हा माणूस बाकीचे तेवीस तास काढत होता.

"तुमी बसला व्हता का तिच्याशेजारी?" उस्तादांनी विचारलं. "ती चालवताना?"

…

"नाही."

ती खूपदा म्हणायची, पप्पा, एकदा बसा. हे म्हणायचे, ही विक, मग पुढच्या गाडीत बसतो.

"मग तिचा पाय असा, हे कशावरनं?"

"गेटमधून बाहेर पडताना आवाज यायचा ना. घरात बसून ऐकायचो मी."

उस्तादांनी कागदावरचा काळा थेंब बोटानं पसरला.

"पयल्या दिवसापासनं थांबायची?"

शेठ विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

"पहिल्या दिवसापासून नाही. पहिले दोन-तीन महिने पाण्यासारखी जायची. मला वाटलं, मी घाबरत चालवतोय, म्हणून ती येत नाही. मग जोर लावायला लागलो. तळापर्यंत दाबायचो. रोज." आवाज थोडा चढला. "आणि एक दिवस आली."

त्या दिवशी त्यांनी गाडी रस्त्याकडेला घेतली होती आणि तासभर तिथंच बसले होते. घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिनं त्या रात्री कित्येक महिन्यांनी नीट जेवण केलं.

"मग रोजच?" उस्ताद.

"रोज. दिवसेंदिवस जास्त." आता ते चक्क अभिमानानं सांगत होते. "शेवटी शेवटी तर इतकी थांबायची, की…"

उस्तादांनी टेबलावरचा पुठ्ठा पुढं केला.

"आनि ऑइल? ह्यो पुठ्ठा रोज डोळ्यासमोर व्हता तुमच्या."

"ते तिनं भरलेलं होतं. स्वतःच्या हातानं. तिची आई सांगते, कोपरापर्यंत लाल हात घेऊन आली होती, आणि धुवायच्या आधी आईला दाखवत घरभर फिरली. ते मी कसं काढून टाकणार होतो?"

मी बाहेर रस्त्याकडं बघायला लागलो. लोकांच्या तेराव्यालासुद्धा हसणारा माणूस मी.

उस्तादांनी टेबलावरून एक प्लेट उचलली. हाताच्या पंजाएवढी लोखंडी चकती असते ही. नवी असताना तिच्यावर जाड खरखरीत तपकिरी कागदासारखा थर असतो, त्यानं ती पकड घेते. ही पार बोडकी झाली होती. उष्णतेनं निळी पडली होती.

त्यांनी ती शेठच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"तुमचं थांबनं."

…

मग उस्ताद महिन्याभराचे शब्द एका दमात बोलले. प्लेट धरायला पाहिजे तेव्हा धरत नाही, घसरते. तेवढा वेळ इंजिन एकटंच पळतं, गाडी लोंबकळते. मग एकदम पकडते आणि धक्का बसतो. ऑइल जुनं, ताकद पाचशे घोड्यांची, वरून रोज तळापर्यंत पाय. जितकी प्लेट जळाली तितकं थांबणं वाढलं. आठवणीबिठवणीचा त्यात संबंध नाही. तो कॉम्प्युटर गेल्या काही महिन्यांचं तेवढं शिकतो, आणि गेले चौदा महिने त्याला एकच पाय ठाऊक आहे. तो शेठचा.

शेठची बोटं प्लेटीवर मिटली. पांढऱ्या बाहीला काळं लागलं.

"खोटं आहे हे."

उस्तादांनी फडकं उचललं.

"तुम्हीच लावलंत तिला हे वेड. जिमला जाते म्हणून सांगायची मला आणि इथं यायची, या असल्या खोक्यावर बसायला. आणि तुम्ही मला सांगताय तिचा पाय कसा होता ते? माझ्या पोरीला मी ओळखत नव्हतो?"

उस्तादांनी मान खाली घातली. ते उत्तर देणार नाहीत हे मला समजलं. चाळीस वर्षं शेजारी काढलीत. म्हणून मग मी बोललो, आणि त्यात एक शब्द चेष्टेचा नव्हता.

भिंतीवर खिळ्याला एक स्टीलचा पेला अडकवलेला आहे, कडेला पोचा पडलेला. उस्तादांची परीक्षा त्या पेल्यावर असते. पेला काठोकाठ पाण्यानं भरायचा. शेजारी बसणाऱ्यानं तो हातात धरायचा, आणि चालवणाऱ्यानं गाडी उभ्या जागेवरून शेवटच्या गिअरपर्यंत न्यायची. थेंब सांडला तर नापास. दर्शूची परीक्षा घ्यायला उस्ताद स्वतः बसू शकत नव्हते. जन्म गाड्यांत गेला, पण दुसऱ्यानं चालवलेली गाडी त्यांना लागते, उचगावच्या पुढं गेलं की ओकतात. म्हणून पेला धरायला मी बसायचो.

आणि मी पडलो मी. तिसऱ्या गिअरला मुद्दाम मनगट हलवायचो. पाणी मांडीवर सांडून घ्यायचो, वर बोंब मारायचो, नापास, नापास.

ती माझ्याकडं बघायचीसुद्धा नाही. डोळे रस्त्यावर. शांतपणे म्हणायची, "मामा, हात तुमचा हलला. गाडी नाही."

दर वेळी पकडायची. एकदाही चुकली नाही.

"तिच्या गाडीत थांबणं नव्हतंच, शेठ," मी म्हटलं. "दुसरा कधी गेला आणि तिसरा कधी आला, ते पोटातल्या पाण्याला कळायचं नाही. मी बसलोय."

मगदूमशेठनी माझ्याकडं पाहिलं.

माझ्या अंगावर रंगाचे ओघळ, पायात दोन वेगळ्या चपला. माझा कुणी हेवा करावा असं माझ्याजवळ आयुष्यात काही आलं नाही. त्या दिवशी शिरोलीच्या एका फौंड्रीचा मालक माझ्याकडं तसा बघत होता.

समोरच्या लेथवाल्यानं मशीन बंद केलं, तेव्हा ते चालू होतं हे कळलं.

"किती?" शेठनी विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

आता उस्तादांनी आकडा सांगितला. "साडेचार लाख. नव्या प्लेटा, सीलं, कन्व्हर्टर, मजुरी, सगळं धरून." मग शेठच्या मुठीकडं बोट केलं. "आनि हे. हे परत बसवता येत न्हाई. ही बी किंमतच धरा."

"नाही केलं तर?"

"तर गाडी हितंच ऱ्हाऊ दे. आहे तशी. जागंचं भाडं घेनार न्हाई."

शेठनी खिशातून पांढरा रुमाल काढला, प्लेट त्यात गुंडाळली आणि निघून गेले.

आठ दिवस पत्ता नव्हता. मी उस्तादांशी मिसळीची पैज लावली की हा माणूस येत नाही. जाळलेली प्लेट देव्हाऱ्यात ठेवून तिच्यापुढं बसेल, पण येणार नाही. उस्तादांनी पैज घेतली आणि कामाला लागले. बॉक्सचा एकेक तुकडा रॉकेलनं धुतला, वाळवला, जुन्या चादरीवर ओळीनं मांडला. अजून कुणी काम सांगितलेलं नव्हतं.

नवव्या दिवशी शेठ आले. रुमाल टेबलावर ठेवला. तो धुतलेला होता, तरी काळा डाग राहिलाच होता. प्लेटही धुतली होती, पुसली होती.

"नवीन बसवा," ते म्हणाले.

मी पैज हरलो. उस्तादांनी मिसळ अजून मागितलेली नाही. फुकटची मिसळ सोडणारा माणूस नव्हे तो, यावरून काय ते समजा.

सामान बाहेरच्या देशातून यायचं होतं, त्याला तीन आठवडे लागले. आल्यावर उस्तादांनी नव्या प्लेटा दिवसभर ऑइलमध्ये भिजत घातल्या. मी तोंड उघडलं होतं, हरभरे भिजत घातल्यासारखं काहीतरी बोलणार होतो. त्यांनी फक्त बघितलं. मी तोंड मिटलं.

सहा दिवस त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

गाडी उभी राहिली त्या दुपारी शेठना बोलावलं. ते पुन्हा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. उस्तादांनी त्यांच्या हातात ऑइलचा कॅन दिला.

"भरा."

"मी?"

उस्ताद बाजूला होऊन उभे राहिले.

शेठना जमेना. नरसाळं निसटलं, कॅन घसरला, निम्मं ऑइल हातावरून ओघळलं. कोपरापर्यंत लाल झाले. शर्टाचं तर बोलायलाच नको. एरवी अशा वेळी मी गल्ली गोळा करतो. त्या दिवशी मी नरसाळं धरलं.

भरून झाल्यावर ते आपल्या हातांकडं बघत राहिले. मी फडकं पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही.

मग स्कॅनर जोडला. तो हातात धरायचा डबा असतो, गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलतो. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. मला ते काय कळणार. शेठनी वाचून सांगितलं, आजवर शिकलेलं सगळं पुसू का, असं विचारतोय. खाली दोन चौकोन होते, होय आणि नाही.

उस्तादांनी डबा त्यांच्या हातात दिला आणि ते पाने पुसायला लागले. तिनं पुसले असते तसे, एकेक, जागेवर ठेवत.

त्यात तिचं काही नव्हतं. हे शेठना आता माहीत होतं, मला माहीत होतं, उस्तादांना तर होतंच. तरी त्या लाल बोटाला त्या चौकोनापर्यंत पोचायला खूप वेळ लागला.

बारीक आवाज झाला. पडदा कोरा झाला.

"चला," उस्ताद म्हणाले.

नव्या बॉक्सला पहिले वीस-पंचवीस किलोमीटर एकसारख्या, हलक्या पायानं चालवावं लागतं, तेव्हा तो पकड शिकतो. शेठ सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूला गेले आणि दरवाज्याला हात घातला. उस्तादांनी तो हात धरून काढला. डाव्या बाजूचा दरवाजा दाखवला.

"तिकडनं."

शेठ त्या दरवाज्यापाशी उभे राहिले. मी भरलेल्या ओरखड्यावर त्यांचं बोट होतं. मग आत बसले, दोन्ही पाय जवळ घेऊन, परक्याच्या घरी बसावं तसे.

उस्तादांनी मला खूण केली. मी खिळ्यावरचा पेला काढला, माठातून काठोकाठ भरला आणि खिडकीतून शेठच्या हातात दिला. उस्ताद स्टिअरिंगवर बसले, मी मागच्या सीटवर. पेला दुसऱ्याच्या हातात असताना मी त्या गाडीत पहिल्यांदाच बसत होतो.

हायवेला लागलो. कागलच्या दिशेनं रस्ता मोकळा होता. पाच वाजत आले होते.

शेठनी पेला दोन्ही हातांनी धरला होता. पहिला गिअर. दुसरा. इंजिनाचा आवाज हळूहळू चढत गेला, आणि शेठनी डोळे मिटले. खांदे ताठ झाले. पाठ सीटला टेकवून ते वाट बघत होते.

…

आवाज खाली आला, एवढंच. तिसरा पडला होता. मग चौथा. मग पाचवा. खिडकीबाहेर उसाची शेतं मागं जात होती आणि गाडीत बसलोय असं वाटत नव्हतं.

पाणी सांडलं.

शेठनी डोळे उघडले. आधी मांडीकडं बघितलं, मग पेल्याकडं, मग उस्तादांकडं. इतकं भाबडं तोंड मी म्हाताऱ्या माणसाचं बघितलेलं नाही.

"हलली ना?" ते म्हणाले. "आत्ता, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना. थोडी हलली ना, उस्ताद?"

उस्तादांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. डोळे रस्त्यावर होते.

"हात तुमचा हलला, मालक. गाडी न्हाई."